गांजाला परवाना असावा काय?

सिंहस्थाच्या पर्वकाळी त्र्यंबकेश्वरी शैव आखाड्यांचे तळ पडतात. धुनी पेटलेली असते, भोवती भस्म फासलेले साधू बसलेले असतात आणि चिलीम हातोहात फिरत असते. बंदोबस्तावरचा शिपाई तेथून जातो. त्याला वास येतो, तो कशाचा आहे हेही त्याला ठाऊक असते, आणि तो पुढे जातो. २०१५ सालच्या सिंहस्थास जे गेले होते त्यांना यात काही नवल वाटले नसेल. परंतु कायद्याच्या पुस्तकात साधूंसाठी निराळे पान नाही. त्याच नाशिक जिल्ह्यात कारखान्यातला एखादा मजूर पाळी संपल्यावर भिंतीआड तीच चिलीम ओढताना सापडला, तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गांजाची बंदी उठवावी की राखावी या वादाला आरंभ करावयाचा तर तो येथूनच करणे सोयीचे. कारण बंदी आहे हे जितके खरे, तितकेच ती सर्वांवर सारखी नाही हेही खरे आहे.

वादात शिरण्यापूर्वी शब्दांचा घोळ मिटविला पाहिजे. भांग, गांजा आणि चरस ही तीन झाडे नव्हेत. झाड एकच, त्याची अंगे तीन. पाने वाटून घोटतात ती भांग. मादी झाडाचे चिकट, फुलोऱ्याने भरलेले शेंडे वाळवून दाबतात तो गांजा. आणि त्या फुलोऱ्यावर सुटणारा राळेसारखा चीक गोळा करतात तो चरस. मादक अंश पानांत थोडा, फुलोऱ्यात पुष्कळ आणि चिकात सर्वांत अधिक. आज साऱ्या देशाला लागू असलेला अंमली पदार्थांचा कायदा १९८५ सालचा आहे. त्याने गांजा व चरस निषिद्ध ठरविले. परंतु शेंडे सोडून नुसती पाने व बी असेल तर ते गांजाच्या व्याख्येत येत नाही. म्हणून काशीस परवान्याच्या दुकानात भांग उघडपणे विकत मिळते. मात्र महाराष्ट्रात १९४९ सालचा मुंबई दारूबंदी कायदा आहे, आणि त्याने भांगेलाही मादक पदार्थांत गणले आहे. तेव्हा काशीच्या गृहस्थाने शिवरात्रीस भांग घोटली तर तो प्रसाद, आणि गोदातीरीच्या गृहस्थाने परवान्यावाचून घोटली तर तो अपराध, अशी ही स्थिती आहे.

नाशिककरांना याहूनही जवळचे एक उदाहरण आहे. ज्या १९४९ च्या कायद्याने भांग व गांजा मना केला, त्यानेच मद्यही मना केले होते. परवान्यावाचून मद्य घेणे हा त्या कायद्याप्रमाणे आजही गुन्हाच आहे. तथापि २००१ साली राज्य सरकारने द्राक्षांवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले, द्राक्षमद्याला उत्पादनशुल्कात सवलत दिली आणि निफाड तालुक्यात विंचूर येथे त्यासाठी खास औद्योगिक क्षेत्र उभे केले. आज नाशिकचे नाव बाहेरगावी रामकुंडाबरोबर द्राक्षमद्यासाठीही घेतले जाते. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून ते विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा मोठा गदारोळ झाला. परंतु त्या गदारोळातही द्राक्षमद्य करणाऱ्याला तुरुंगात घाला असे कोणी म्हटले नाही. वाद एवढाच होता की, ते कोठे विकावे आणि कोणाच्या नजरेस पडू द्यावे. म्हणजे एका नशेपुरता समाजाने प्रश्न बदलून घेतला आहे. दुसऱ्या नशेबाबत तो अजून ‘हवा की नको’ याच पायरीवर उभा आहे.

वस्तुतः गांजाचा प्रश्नही एके काळी पुढच्या पायरीवर गेलेला होता, आणि तो कसा गेला ही हकीकत आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. इंग्रजी अमदानीत गांजा हा अबकारी उत्पन्नाचा पदार्थ होता. लागवडीला परवाना, साठ्यावर देखरेख, दुकानांचा लिलाव अशी ती पद्धत. नाशिकच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, सरकारी परवान्याने गांजाची शेती होत असे. हे काम सोपे नव्हे. शेतातील नर झाडे वेळीच ओळखून उपटावी लागतात. एरवी मादी फुलोऱ्यात बी धरते आणि माल उतरतो. बंगालमध्ये तर एवढेच काम करणारे जाणकार असत, आणि ते शेतोशेती हिंडत.

१८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात केन नावाच्या मद्यपाननिषेधवादी सभासदाने प्रश्न टाकला की, बंगालमध्ये गांजाने लोकांची नीती व शरीर बिघडते आहे, याची चौकशी सरकार करणार की नाही? भारतमंत्र्यांनी चौकशी मान्य केली आणि पुढे ती साऱ्या हिंदुस्थानास लागू झाली. सात जणांचे मंडळ नेमले गेले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सभासदांत तिघे हिंदी. या मंडळाने प्रांतोप्रांती हिंडून ११९३ साक्षी नोंदविल्या. वैद्य, डॉक्टर, जिल्हाधिकारी, जमीनदार, मिशनरी, परवानेदार असे नाना प्रकारचे लोक त्यांत आले. १८९४ साली त्याचा अहवाल बाहेर पडला. त्याचे अनेक खंड आहेत.

त्या अहवालातील वेड्यांच्या इस्पितळांविषयीचे प्रकरण आजही वाचण्याजोगे आहे. गांजाने माणूस वेडा होतो हा समज तेव्हा सार्वत्रिक होता आणि त्याला आधार म्हणून इस्पितळांची नोंदवही दाखवीत. मंडळाने वही पाहून समाधान मानले नाही. ही नोंद करतो कोण, असे त्याने विचारले. तेव्हा उघड झाले की, वेड्याला इस्पितळात पाठविताना पोलीस किंवा मॅजिस्ट्रेट एक कागद भरीत. त्यात ‘वेडाचे कारण’ असा रकाना असे. आणि रकाना मोकळा ठेवणे बरे दिसत नाही म्हणून त्यात ‘गांजा’ असे लिहून टाकीत. मग मंडळाने १८९२ साली गांजाच्या नावावर पडलेली प्रकरणे एकेक करून पुन्हा तपासली. २२२ प्रकरणांपैकी निम्म्याहूनही कमी टिकली. पण जी टिकली ती टिकलीच, हेही मंडळाने लपविले नाही. सरकारी कागदातील एका रकान्यावर एवढा अविश्वास दाखविणारे सरकारी मंडळ विरळाच.

मंडळाचा निष्कर्ष असा : माफक सेवनाने सर्वसाधारण माणसाला म्हणण्यासारखा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, संपूर्ण बंदी आवश्यक नाही आणि हितावहही नाही. बंदी केली तर लोक दारूकडे किंवा धोत्र्यासारख्या अधिक घातक वस्तूकडे वळतील, आणि साधू-फकिरांच्या आचारात सरकारने हात घातल्यासारखे होईल. म्हणून कर चढा ठेवावा, परवान्यावाचून लागवड होऊ देऊ नये, दुकाने मोजकी ठेवावी, आणि जवळ किती बाळगता येईल यास मर्यादा घालावी. आता यावर कोणी म्हणेल की, ज्या सरकारला गांजापासून महसूल मिळत होता, त्याच्या मंडळाने दुसरे काय सांगावे? ही शंका अगदीच गैर नव्हे. मौज अशी की, तिघा हिंदी सभासदांपैकी ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय व लाला निहालचंद या दोघांनी अहवालास भिन्नमतपत्रिका जोडल्या आणि बंदीच्या बाजूने मत दिले. गोरे अधिकारी लोकांची चाल राखू म्हणत होते, आणि त्या लोकांपैकीच असलेले प्रतिष्ठित गृहस्थ ती मोडा म्हणत होते. आजही परवान्याची बाजू घेणारे ‘आमची प्राचीन परंपरा’ म्हणून बोलतात. तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वी या परंपरेविषयी घरातच दोन मते होती, हे त्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. १९२५ साली जिनेव्हाच्या अफूपरिषदेत गांजा प्रथम आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजाचे औषधाव्यतिरिक्त सेवन पंचवीस वर्षांत बंद करण्याचे ठरले. पाने वगळण्यात आली, म्हणून भांग वाचली. हिंदुस्थानाने हा करार स्वीकारला, आणि १९८५ साली तो आजचा कायदा आला. त्याचे विधेयक ऑगस्टच्या अखेरीस संसदेत मांडले गेले. सप्टेंबरच्या मध्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. १४ नोव्हेंबरास अंमल सुरू झाला. १८९३ च्या परकी सरकारने जो प्रश्न वर्षभर गावोगाव विचारला, तो स्वकीय संसदेने महिन्याच्या आत निकालात काढला. हेरॉइनचा सुळसुळाट तेव्हा सुरू झाला होता, घाईला कारण होते, हे मान्य केले पाहिजे. पण त्या घाईत हेरॉइनच्या शेजारी चिलीमही बांधली गेली.

या कायद्याची आजची मोजमापे अशी. एक किलोपर्यंत गांजा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद. वीस किलोहून अधिक सापडला तर दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी व लाखाच्या घरात दंड. लागवडीला दहा वर्षांपर्यंत. शिक्षा कडक असली म्हणजे मोठा व्यापारी सापडतो, असा समज असतो. मुंबईच्या न्यायालयांतील २०१७ व २०१८ सालची प्रकरणे एका विधिसंस्थेने तपासली, तेव्हा ती जवळजवळ सर्व स्वतः सेवन केल्याबद्दलची निघाली, आणि त्यांतील बहुसंख्य गांजाची. पकडलेले लोक बहुतेक रोजमजुरीवर जगणारे, झोपडीत किंवा रस्त्यावर राहणारे. बंगल्यात ओढणारा या जाळ्यात क्वचितच येतो. बंदीचे कट्टर पुरस्कर्ते असतील त्यांनीही या एका गोष्टीचे उत्तर द्यावयास हवे.

बंदी राखावी म्हणणाऱ्यांची बाजू मात्र १८९४ साली होती त्याहून आज बळकट आहे, आणि परवानावादी मंडळी याकडे कानाडोळा करतात. गांजातील मुख्य मादक द्रव्य १९६४ साली इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. तेव्हापासून जाणूनबुजून तीव्र वाण निपजविले जाऊ लागले. अमेरिकेत जप्त होणाऱ्या गांजात हे द्रव्य १९९५ साली सरासरीने शेकडा ४ होते. २०१४ पर्यंत ते शेकडा १२ च्या आसपास गेले. म्हणजे आजोबांच्या चिलमीवरून नातवाच्या विडीविषयी अनुमान काढता येत नाही. स्वीडनमध्ये लष्करात भरती झालेल्या पंचेचाळीस हजार तरुणांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन १९८७ साली असे प्रसिद्ध झाले की, ज्यांनी पन्नासाहून अधिक वेळा गांजा ओढला होता, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनिया हा मनोविकार सुमारे सहापटीने अधिक आढळला. कारण आणि योगायोग यांची फोड पुढे पुष्कळ झाली. तरीही कोवळ्या वयात, रोज, आणि तीव्र माल ओढणाराला धोका आहे, याविषयी आता डॉक्टरांत फारसा मतभेद उरलेला नाही. १८९४ च्या मंडळाने नोंदवहीवर अविश्वास दाखविला तो योग्यच होता. त्याचाच दाखला देऊन या नव्या पुराव्याकडे पाठ फिरविणे योग्य होणार नाही.

प्रमाण किती, हेही पाहिले पाहिजे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून पाहणी करविली. तिचा अहवाल २०१९ साली निघाला. त्याप्रमाणे दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या लोकांत मद्य घेणारे शेकडा १४.६, आणि वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही घेतलेले शेकडा २.८, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख. त्यांतही निम्म्याहून अधिक भांग घेणारे. ज्यांना या व्यसनासाठी मदतीची गरज आहे असे सुमारे ७२ लाख. हा आकडा लहान नव्हे, परंतु मद्याच्या मानाने तो लहान आहे.

नाशिकच्या पालकांच्या मनात अलीकडे निराळीच भीती बसली आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात शहरालगतच्या शिंदे गावी मेफेड्रोन नावाची मादक भुकटी बनविणारा कारखानाच मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला. गांजाने सुरुवात होते आणि शेवट भुकटीत होतो, असे तेव्हापासून घरोघर बोलले जाते. यात तथ्य किती? झाड आणि कारखान्यातले रसायन यांचा परस्परांशी काही संबंध नाही. संबंध असतो तो विकणाराचा. चोरून गांजा विकणारा आणि चोरून भुकटी विकणारा हा पुष्कळदा एकच इसम असतो, आणि गिऱ्हाईक तरुण असले की त्याला अधिक नफ्याचा माल पुढे करतो. हॉलंडने १९७६ साली हेच ओळखून गांजाची किरकोळ विक्री कॉफीगृहांत चालू दिली आणि हेरॉइनवाल्यापासून ती तोडली. उपाय म्हणून तो नाशिकला लागू पडेलच असे नाही. निदान म्हणून तो विचारार्ह खचित आहे.

परदेशांनी अलीकडे काय केले याची यादी मोठी होईल. दोन देश पुरेत. उरुग्वेने २०१३ साली कायदा केला. लागवड परवान्याने, विक्री औषधाच्या दुकानांतून, भाव सरकारने ठरविलेला, जाहिरात बंद. थायलंडने २०२२ साली एका फटक्यात गांजा गुन्ह्यांच्या यादीतून काढला, पण विक्रीचे नियम केलेच नाहीत. हजारो दुकाने उगवली, आणि २०२५ साली सरकारला मागे फिरून डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. फरक कोठे पडला हे सांगावयास नको.

आता शेतकऱ्याची बाजू. २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की, कोणत्याच पिकाला भाव नाही, तेव्हा गांजा लावण्याची परवानगी द्यावी. वर्तमानपत्रांनी तो विनोद म्हणून छापला. लासलगावच्या बाजारात कांदा ओतून रिकाम्या हाती परतणाराला तो विनोद वाटला नसेल. बंगालमध्ये नौगाव येथे परवानाधारक गांजा-उत्पादकांनी १९१७ साली सहकारी संस्था काढली होती, आणि नफ्यातून शाळा व दवाखाने चालविले होते. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. परंतु त्या सोसायटीचा भाव टिकला, तो लागवड ठराविक क्षेत्रापुरती बांधलेली होती म्हणून. उद्या परवाना खुला झाला आणि प्रत्येकाने गांजा लावला, तर त्याचाही कांदाच होईल. गांजावर शेतकऱ्याचे कर्ज फिटेल, असे सांगणारांनी हा हिशेब लपवू नये.

लागवडीच्या परवान्यासाठी नवा कायदाच लागतो असेही नाही. १९८५ च्या कायद्यानेच औषधी व वैज्ञानिक कामासाठी परवाने देण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे, आणि धागा, बी यांसाठी लागवडीची वाटही ठेवली आहे. उत्तराखंडाने २०१८ साली कमी मादक वाणापुरती ती वापरली. याच झाडातील मादक नसलेल्या एका द्रव्यापासून केलेले औषध अमेरिकेच्या औषधखात्याने २०१८ साली लहान मुलांच्या दुर्धर अपस्मारावर मान्य केले. हिंदुस्थानच्या वैद्यकाला हे झाड ‘विजया’ म्हणून जुनेच परिचित. जातिफलादि चूर्णात ते आजही पडते. तेव्हा औषध, धागा आणि बी यांची वाट रुंद करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण दिसत नाही.

खरा पेच उरतो तो चिलमीचा. ओढणाराला तुरुंग, ही गोष्ट न्यायाला धरून नाही. ती गरिबाला सापडते, श्रीमंताला चुकते आणि व्यसन सोडविण्याच्या कामी येत नाही. परंतु ओढणाराला गुन्हेगार न मानणे आणि कोपऱ्यावर दुकान उघडणे या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे, आणि वादाच्या भरात दोन्ही पक्ष ते अंतर पुसून टाकतात. पहिली गोष्ट आज करता येण्याजोगी आहे. दुसरीसाठी १८९३ सारखी नवी चौकशी हवी. मनोरुग्णालयांच्या नोंदी, मॅजिस्ट्रेटांचे निकाल, अबकारी खात्याचे हिशेब, महाविद्यालयीन मुलांची खरी स्थिती, आणि त्र्यंबकच्या आखाड्यांतील चालीसुद्धा, हे सर्व एका टेबलावर येईपर्यंत दुकान उघडा म्हणणे हे अंदाजाने औषध देण्यासारखे होईल.

तोवर घराघरांत ठाऊक असावी अशी एक तरतूद आजच्या कायद्यातच आहे. कलम ६४-अ असे सांगते की, व्यसनाधीन माणसावर अल्प प्रमाणातील पदार्थाबद्दल किंवा सेवनाबद्दल आरोप असेल, आणि त्याने स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालवावयाचा नाही; मात्र उपचार पुरे केले पाहिजेत. वकील ते क्वचित सांगतात, आरोपीला ते ठाऊक नसते, आणि दंड भरून लवकर सुटावे म्हणून तो गुन्हा कबूल करून मोकळा होतो. मुलगा चौकीवर आहे असा निरोप ज्या घरी येईल, तेथील वडीलमाणसांनी कबुलीच्या कागदावर सही होण्यापूर्वी या कलमाची चौकशी करावी.